वाचकांचे प्रश्न : ऑझी ऑस्बॉर्न आणि पाहुणे गिटारवादक

प्रश्न : हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या ‘पेशंट नंबर 9’ या अल्बमवर जेफ बेक, एरिक क्लॅप्टन, टोनी आयोमी अशा दिग्गज गिटारवादकांची नावे आहेत आणि त्याला ग्रॅमीही मिळाले आहे. हे यश गायकाचे म्हणायचे की पाहुण्यांचे?

उत्तर : अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण मोठी नावे गोळा करून काढलेले अल्बम पुष्कळदा स्नेहसंमेलनासारखे होतात, जो तो आपला कार्यक्रम सादर करून निघून जातो. सप्टेंबर 2022 मध्ये आलेला हा अल्बम बऱ्याच अंशी त्यातून वाचला, याचे श्रेय आधी निर्माते अँड्र्यू वॉट यांना द्यावे लागेल. तेरा गाण्यांत पुढे येणारा गिटारवादक बदलत राहतो. पण बहुतेक गाण्यांत ड्रमवर ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या बँडचे चॅड स्मिथ आहेत. शिवाय चार गाण्यांची मुख्य गिटार झॅक वाइल्ड यांच्याकडे आहे आणि 1988 च्या अल्बमपासून ऑझींना साथ करणाऱ्या या वादकाला पाहुणा म्हणणेही तसे कठीणच.

खरी कसोटी आयोमी यांच्या दोन गाण्यांत लागते. आयोमी आणि ऑझी यांच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडने 1979 मध्ये ऑझींना काढून टाकल्यानंतर ऑझींच्या एकाही एकल अल्बमवर आयोमी यांनी गिटार वाजवली नव्हती. तरुणपणी बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. बोटांवर टोप्या बसवून आणि पुढे तारा सैल करून त्यांनी जो जड, खालच्या पट्टीतला नाद घडवला, त्याच नादावर ऑझींचा आवाज प्रथम जगाने ऐकला. ‘डिग्रेडेशन रूल्स’मध्ये तो नाद आणि ऑझींचा हार्मोनिका पुन्हा एकत्र येतात, तेव्हा कोण कोणाकडे पाहुणा आला आहे, हे सांगता येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे आणि याच गाण्याला मेटल विभागाचे ग्रॅमी मिळाले.

पार्किन्सन्स या आजाराचे निदान 2020 मध्ये जाहीर केलेला, अल्बम आला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा असलेला हा गायक मृत्यू, वेड आणि पश्चात्ताप यांविषयी गातो. ते शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडी ठेवले, तर पाहुणे तेच राहूनही अल्बम पोकळ वाटेल, असे माझे मत आहे. म्हणून यश गायकाचेच मानावे. वॉट यांचे ध्वनिमुद्रण मात्र काही ठिकाणी इतके ठासून भरलेले आहे की कानाला उसंत मिळत नाही.

प्रश्न : हा अल्बम नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कोठून करावी?

उत्तर : शीर्षकगीतापासून. ते सात मिनिटांहून मोठे आहे, पण जेफ बेक यांची गिटार जवळून ऐकण्यासाठी ते योग्य आहे. बेक पिक (तारा छेडण्याची छोटी पट्टी) न वापरता अंगठ्याने आणि बोटांनी तारा छेडत आणि तारांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या गिटारवरील दांडीने सूर वाकवत, त्यामुळे त्यांचा सोलो गळ्यातून निघाल्यासारखा वाटतो. त्यानंतर त्यांचीच गिटार असलेले ‘अ थाउजंड शेड्स’ घ्यावे. क्लॅप्टन यांच्या वाह-वाह पेडलवरील (पायाने दाबून गिटारचा नाद ‘वा-वा’ असा बदलणारे उपकरण) सोलोसाठी ‘वन ऑफ दोज डेज’ अवश्य ऐकावे, मात्र गाणे म्हणून ते मला मधल्या फळीतलेच वाटते.