रिफ्लेक्टिव्ह डायरी लिहून नर्सला खरंच काही मिळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, प्रत्येक पोस्टिंगनंतर ट्यूटर मॅडम रिफ्लेक्टिव्ह डायरी, म्हणजे घडलेल्या प्रसंगावर मागे वळून विचार करायची वही लिहायला लावतात, वर्गात सगळे एकमेकांची उतरवून काढतात. मग याने नर्सिंग सुधारतं, की केअर प्लॅन आणि प्रोसिजर बुकच्या ढिगात आणखी एका वहीची भर पडते?

मी अकरा वर्षं वॉर्डात काढली, आता शिकवते. उतरवलेल्या वहीने काही होत नाही, हे आधीच मान्य करते. खरी लिहिलेली वही काय करते, ते माझ्याच हातून घडलेल्या एका प्रसंगावरून सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. फिमेल मेडिकल वॉर्ड, नाइट ड्युटी, ४२ पेशंट आणि आम्ही दोघी. हार्टचा त्रास असलेल्या एक आजी रात्री एकपासून हाका मारत होत्या, "सिस्टर, उशी जरा उंच कर गं." एकदा केली. दुसऱ्यांदा स्टोअरमधून आणखी एक उशी आणून दिली. तिसऱ्यांदा म्हटलं, "आजी, झोपा आता, बाकीच्यांनाही झोपू द्या." मग टीपीआर चार्ट भरला. टेंपरेचर घेतलं, नाडी मोजली आणि श्वासाच्या रकान्यात २० लिहून टाकलं. श्वास मोजलेच नव्हते. वरच्या ओळीत २० होते, त्याच्या वरच्या ओळीतही २०.

पावणेचारला शेजारच्या बेडची नातेवाईक धावत आली. आजी पाय खाली सोडून, लॉकरवर दोन्ही हात टेकून बसलेल्या, घामाने भिजलेल्या. आता मोजले, तर श्वास मिनिटाला ३६. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी सांगितलेलं लॅसिक्स, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध दिलं. आजी वाचल्या, आठवड्याभराने चालत घरी गेल्या. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला आडवं झालं की दम लागतो, म्हणून तो जास्त उशा मागतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते.

इनचार्ज सिस्टरनी माझ्याकडून रीतसर रिपोर्ट लिहून घेतला. नंतर म्हणाल्या, "आता हेच घरी स्वतःसाठी लिही. मला दाखवू नकोस." मी पानभर लिहिलं, ते सगळं कामाच्या ताणाबद्दल. त्यात खोटं काही नव्हतं. पण दोन दिवसांनी वाचताना लक्षात आलं, की त्याच रात्री, त्याच ताणात, कोपऱ्यातल्या सलाईन चालू असलेल्या मुलीकडे मी न बोलावता चार वेळा जाऊन आले होते. आजींचा मला राग आला होता. तिसऱ्या हाकेपर्यंत त्या माझ्या लेखी पेशंट उरल्याच नव्हत्या, कटकट झाल्या होत्या. एवढं एक वाक्य लिहिताना हात थरथरला. पण ते लिहिल्यावरच श्वास का मोजले नाहीत ते कळलं.

डायरी लिहिण्यासाठी तुम्हाला शिकवतात ते पायऱ्यांचं चक्र शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलं: काय घडलं, मनात काय आलं, त्यात बरं काय आणि वाईट काय, तसं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार. माझे विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर "मला वाईट वाटलं" एवढं लिहून पुढे पळतात. माझं म्हणणं, तिथेच रेंगाळा. राग, किळस, भीती, कंटाळा, जे आलं असेल ते नाव घेऊन लिहा. विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन प्रकारचे विचार वेगळे करून दाखवले, काम उरकल्यावरचा आणि काम चालू असतानाचा. माझा अनुभव असा, की पहिल्याची सवय लागली की दुसरा जमायला लागतो. त्या रात्रीनंतर एखाद्या पेशंटवर चिडचिड झाली, की मी तिथेच थांबून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. वॉर्ड सुटेपर्यंत ते चालू होतं.

ब्रिटनमध्ये जाण्याचा विचार असेल तर ही सवय थेट कामाला येते. तिथे २०१६ पासून दर ३ वर्षांनी नोंदणी चालू ठेवताना असे ५ लेख लिहावे लागतात आणि त्यावर दुसऱ्या नोंदणीकृत नर्सशी किंवा मिडवाइफशी बसून बोलावं लागतं.

दोन गोष्टी सांभाळा. डायरीत पेशंटचं नाव, बेड नंबर काहीही नको. आणि चूक झाली तर आधी इनचार्जना सांगायचं, त्याच वेळी, डायरी नंतर. दोघींवर ४२ पेशंट हा दोष डायरीत स्वतःच्या माथी मारून घ्यायचा नाही. तो मी मेट्रनना वेगळ्या अर्जात लिहून दिला होता, तुम्हीही लिहा.

मार्कांचं म्हणाल, तर एक वर्ष मी मजकुरावर मार्क दिले. सगळ्या वह्यांत एकच वाक्य आलं: "मी पेशंटशी सहानुभूतीने वागले." तेव्हापासून वही लिहिली की नाही एवढंच बघते, वाचायला द्यायची की नाही ते विद्यार्थ्यांवर सोडलंय. तुमच्या मॅडमना एकदा हे सुचवून बघा. त्या नाही म्हणाल्या तर त्यांच्यासाठीची वही वेगळी ठेवा, आणि एक स्वस्तातली डायरी फक्त स्वतःसाठी आणा.