डबल केबिन पिकअपच्या हौद्यावर सगळ्या कामांना चालेल असं कापडी कव्हर कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मालवणजवळ तुमचा होमस्टे आहे, इसुझूची डबल केबिन गाडी नुकतीच घेतलीय आणि तिच्या उघड्या हौद्यावर एक कापडी कव्हर बसवायचंय. कुडाळ स्टेशनवरून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगा, बंदरावरची मासळी, मे महिन्यात आंबा, मधूनच सिमेंटच्या दोन गोणी, सगळ्याला तेच चालायला हवं. आणि सामान चोरीला तर जाणार नाही ना, हेही विचारलंय. दुकानदाराने तीन-चार प्रकार दाखवले आणि प्रत्येक प्रकार ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणून सांगितला, त्यामुळे निवड होईना.

मी देवगड तालुक्यातला. कलमांची बाग आहे, गाडी तुमच्यासारखीच आहे, आणि गेल्या सहा वर्षांत तिच्यावर दोन तऱ्हेची कव्हरं आणि एक शिवून घेतलेली ताडपत्री वापरून झालीय. आधी उत्तर सांगतो. हौद्याच्या दोन्ही कडांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मागून पुढे केबिनकडे गुंडाळत जाणारं कापड, हा प्रकार घ्या. जोडीला कडांना कड्या मारलेली एक सुटी ताडपत्री मागच्या सीटखाली कायम असू द्या. नुसत्या कव्हरवर सगळी कामं भागत नाहीत, आणि नुसत्या ताडपत्रीने रोज बांधा-सोडा करून जीव जातो.

आता दुकानदाराच्या त्या ‘शंभर टक्के’बद्दल. कापडातून पाणी जात नाही हे खरंच आहे. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर कापड असतं ते, त्यातून थेंब झिरपत नाही. पाणी शिरतं ते कडेने. केबिनमागच्या फटीतून, मागच्या फाळक्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या चिरेतून, आणि शिवणीच्या भोकांतून. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर वारा आडवा. असला पाऊस फटी शोधतच येतो. म्हणून मऊ कव्हर घेताना ‘आत पाणी येईल का’ यापेक्षा ‘वर पाणी साचेल का आणि आत आलेलं जाईल कुठून’ हे विचारा.

हे मला करूळ घाटात कळलं. माझं पहिलं कव्हर टिचबटणांचं होतं. चारी कडांना बटणं, मध्ये आधाराला एकच दांडी. मे महिन्यातली गोष्ट, पुठ्ठ्याच्या बारा खोक्यांत हापूस भरून रात्री कोल्हापूरला निघालो होतो. वैभववाडी सोडली आणि अवकाळी सुरू झाला. घाटाच्या पायथ्याला टॉर्च घेऊन मागे गेलो तर कापडाच्या मधोमध परातीएवढा खोलगट भाग झाला होता, त्यात पाणी हिंदकळत होतं. हाताने वर ढकलून पाणी काढलं आणि पुढे निघालो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर समोरून एसटी आली, ब्रेक मारला, आणि पुन्हा साचलेलं सगळं पाणी एका झटक्यात पुढे आलं. केबिनकडची सहा बटणं ओळीने सुटली. आवाज अजून आठवतो, टप् टप् टप्. पुढच्या रांगेतली खोकी भिजून बसली, तळाचा पुठ्ठा हातात येईना. आंबा वाचला, पण त्या खोक्यांचा भाव पडला तो पडलाच.

नंतर हिशोब करून बघितला. हौदा साधारण पाच फूट बाय पाच फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. त्यावर नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी साडेबावीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो वजन. इंचभर साचलं तर पन्नास किलोच्या पुढे, सिमेंटच्या एका गोणीहून जास्त. एवढं ओझं टिचबटणाने तोलायचं असतं का?

परत आल्यावर ते कव्हर दुरुस्तीला नेलं. आमच्या भागात जीपची हुडं आणि रिक्षाची छप्परं शिवणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी कापड उलगडून बघितलं आणि म्हणाले, “पाणी अडवूक जाव नको, पाण्याक वाट दी.” आपल्याकडे कौलारू घराला कोणी सपाट छप्पर घालत नाही. आढं उंच, दोन्हीकडे उतार, खाली पागोळ्या. हौद्यालाही तेच लागू, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी कव्हराकडे छप्पर म्हणूनच बघतो.

आता प्रकार. टिचबटणांचं सगळ्यात स्वस्त, पण वरची गोष्ट वाचलीत. शिवाय पीव्हीसी वर्षानुवर्षं ऊन खाऊन हळूहळू कायमचं आकसतं, आणि दोन वर्षांत बटण आणि खुंटी यांच्यात बोटभर अंतर पडतं. दोन माणसांनी ओढून लावावं लागतं. बटणाच्या खुंट्या बसवायला हौद्याच्या कडेला भोकं पाडतात, आणि खाऱ्या हवेत पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दार. नकोच.

तीन घड्यांचं कव्हर येतं, चौकटीवर ताणलेलं. दिसायला नीटनेटकं, बसवायला सोपं, पाणीही कमी साचतं. अडचण अशी की घडी केल्यावर तो गठ्ठा हौद्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसून राहतो. उभा केला तर मागची काच झाकली जाते. तुम्ही फक्त पाहुण्यांच्या बॅगा नेत असता तर मी हेच सांगितलं असतं. पण बाजारातून फ्रीज आणायचा, कलमांची उंच रोपं आणायची, तर दर वेळी ते अख्खं उतरवून पडवीत ठेवावं लागेल.

गुंडाळणाऱ्यात ही कटकट नाही. मागच्या फाळक्याजवळचा खटका सोडला, कापड गुंडाळत केबिनपर्यंत नेलं, दोन पट्ट्यांनी बांधलं, की हौदा पूर्ण मोकळा. मला एकट्याला मिनिटभर लागतं. घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. पहिली, कापडाखाली आडव्या दांड्या किती आहेत आणि त्या सरळ आहेत की किंचित कमानदार. निदान तीन हव्यात आणि मधून थोड्या उचललेल्या हव्यात, म्हणजे पाणी बाजूला ओघळतं. दुसरी, कापड ताणायचा स्क्रू आहे का. उन्हाळ्यात तापलेलं पीव्हीसी तेवढ्यापुरतं सैल पडतं, तेव्हा दोन फेरे द्यावे लागतात. सैल कापड हायवेला फडफडतं आणि फडफडणारं कापड दांडीवर घासून तिथेच विरतं.

कडेला कापड धरून ठेवायला बहुतेक ठिकाणी व्हेल्क्रो असतो. आपल्याकडे त्याचा शत्रू म्हणजे जांभ्याची लाल धूळ. काट्यांत माती बसली की पकड जाते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने कोरडा घासून काढा, ओला नको. कडा खाचेत अडकवायची सोय असलेलं कव्हर मिळालं तर ते उत्तम, थोडं महाग पडलं तरी.

कापडाचं वजन विचारायला लाजू नका. बाजारात निळी-पिवळी प्लास्टिकची जी ताडपत्री मिळते ती चौरस मीटरला शंभर ते अडीचशे ग्रॅम असते, गवताची उडवी झाकायला ठीक. कव्हराला ५५० ते ६५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारं, लेपाचं कापड हवं, त्याला उन्हात टिकायची प्रक्रिया केलेली हवी, आणि जोड शिवणीऐवजी गरम हवेने चिकटवलेले असतील तर फारच छान. शिवलेलंच असेल तर दोरा पॉलिएस्टरचा आहे ना बघा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. एक साधी परीक्षा: कोपरा दुमडून नखाने घट्ट दाबा आणि सोडा. पांढरी रेघ राहिली तर लेप हलका आहे.

खाऱ्या वाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे दुकानदार सांगत नाही. त्याने ते शहरात विकलेलं असतं. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि त्यांना आवळणारे क्लॅम्प-बोल्ट साध्या लोखंडाचे, असं बरेचदा असतं. बोल्टांचं गंजणं ठरलेलं. लेप गेला की अ‍ॅल्युमिनियमही त्याच्या जोडीने खाऱ्या ओलाव्यात खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते, आणि दोन वर्षांनी बोल्ट फिरतच नाही. माझ्या गाडीचे दोन क्लॅम्प शेवटी कापून काढावे लागले. बसवतानाच सगळे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे करून घ्या, ३१६ ग्रेडचे मिळाले तर तेच, कारण समुद्राच्या हवेत ३०४ पेक्षा ते जास्त तग धरतात. मध्ये नायलॉनची चकती घाला आणि आट्यांना ग्रीस लावा. मासळी आणलीत की त्याच दिवशी हौदा आणि कव्हराची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. डाग काढायला डिझेल किंवा रॉकेल अजिबात लावू नका, त्याने लेप कडक होऊन तडकतो. आणि ओलं कव्हर गुंडाळून ठेवू नका. जुलैत चार दिवस तसं राहिलं तर उलगडताना काळी बुरशी आणि असा वास येतो की पाहुण्यांच्या बॅगा त्यात ठेवायची हिंमत होणार नाही.

आता आंबा. इथे मी कव्हर बंद ठेवत नाही. काळं कापड दुपारच्या उन्हात इतकं तापतं की वर हात ठेववत नाही, आणि खाली पेटीत झाडावरून नुकतं उतरवलेलं फळ असतं. काढलेला हापूस तापला की साक्याचा, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन खराब होण्याचा, धोका वाढतो, हे आंबेवाल्या घरात पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून आंब्याचं भाडं संध्याकाळी किंवा पहाटे, कव्हर गुंडाळलेलं, आणि वर हिरवी शेडनेट ताणून बांधलेली. वारा खेळतो, ऊन लागत नाही. पाऊस आला तर बाजूला थांबून कव्हर ओढायचं. गुंडाळणारंच घ्या म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. दुकानात करडा किंवा फिका रंग मिळाला तर काळ्यापेक्षा तोच घ्या.

मासळीचं उलट आहे. क्रेटमध्ये बर्फ असतो, त्याला सावली हवी, झाकण हवं, आणि खाली पाण्याला वाट हवी. हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं आहेत ती तारेने साफ ठेवा. खवले आणि पालापाचोळा अडकून ती बुजतात आणि मग कव्हर कितीही चांगलं असलं तरी सामान खालून भिजतं.

सुटी ताडपत्री लागते ती उंच मालाला. आमच्या घरचा गणपती याच गाडीतून येतो, मखरासकट दीड फुटांच्या हौद्यात तो कसा झाकणार? त्या दिवशी कव्हर गुंडाळतो, केबिनमागच्या स्पोर्ट्स बारपासून, म्हणजे तिथल्या नळीच्या कमानीपासून, फाळक्यापर्यंत मधोमध एक दोरी आढ्यासारखी ताणतो आणि तिच्यावरून ताडपत्री दोन्हीकडे सोडून हौद्याच्या हुकांना बांधतो. ताडपत्री दहा बाय दहा फुटांची पुरते. दोरी नायलॉनची, गाठ ओढून सुटणारी. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत इतकं बघायचं. काही जण यासाठी कायमच्या लोखंडी कमानी वेल्डिंग करून घेतात, तसं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि वेल्डिंगच्या जागी गंज आधी धरतो ते वेगळंच.

चोरीचं विचारलंत. मऊ कव्हर ब्लेडने फाटतं. ते नजरेआड ठेवतं, कुलूप लावल्यासारखं राखत नाही. स्टेशनबाहेर गाडी लावून जायचं असेल तर लॅपटॉपची बॅग केबिनमध्येच घ्या.

बसवून झाल्यावर दुकानातच पैसे देण्याआधी एक करा. हौद्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा, कव्हर ओढा, आणि पाइपने दहा मिनिटं वरून आणि बाजूंनी पाणी मारा. उघडल्यावर कागद कुठे भिजलाय ते लगेच दिसतं. केबिनकडे भिजला असेल तर पुढच्या पट्टीखाली फोमची पट्टी जाड हवी, फाळक्याकडे भिजला तर दाराला लावतात तसं रबर उभ्या चिरेत लावून घ्या. माझ्या दुसऱ्या कव्हराला हे करून घेतलं तेव्हापासून कोपऱ्यात चमचाभर पाणी येतं तेवढंच. घरी गाडी लावताना शक्य असेल तर तोंड चढाकडे करा, पाणी फाळक्याकडून पडून जातं.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी हौद्यातलं प्लास्टिकचं लायनर बघा. ते कडेच्या वरून दुमडून खाली आलेलं असेल तर पट्ट्यांचे क्लॅम्प नीट पकड घेत नाहीत, तेवढ्या जागी ते कापावं लागतं. कडेच्या आत संपत असेल तर सहसा अडचण येत नाही. केबिनमागे स्पोर्ट्स बार असेल तर त्याचे पाय कडेवर किती इंच जागा खातात तेही मोजा, कारण गुंडाळलेलं कापड तिथेच येऊन बसतं. ही दोन मापं इथे लिहिलीत तर कुठल्या क्लॅम्पचं कव्हर मागायचं ते सांगू शकेन.