40 टक्के स्वस्त लेथ, पण थ्री फेज

प्रश्न थोडक्यात असा: वाचक भाड्याच्या गाळ्यात एकटेच फॅब्रिकेशनचं काम करतात. टर्निंगची, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायची कामं बाहेर द्यावी लागतात. 3 एचपीचा एक जुना लेथ चांगल्या किमतीत मिळतोय, पण तो थ्री फेज आहे आणि गाळ्यात मीटर सिंगल फेजचं. थ्री फेज जोडणी घ्यावी, ड्राइव्ह (सिंगल फेजच्या विजेतून थ्री फेज तयार करणारा डबा) बसवावा, की थोडे जास्त पैसे टाकून सिंगल फेजचाच लेथ घ्यावा? हाताशी एक मुदत ठेव आहे, ती मोडायची तयारी आहे. भाडेकराराचे 22 महिने शिल्लक आहेत.

तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे निम्मं काम झालंय. सोयीसाठी सिंगल फेजच्या लेथची किंमत 100 धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो. थ्री फेज लेथ 60. ड्राइव्ह 12, त्याची वायरिंग आणि बटणं वगैरे 6. थ्री फेज जोडणी 25, शिवाय दरमहा 0.8 जादा स्थिर आकार. तुमची ठेव 90, म्हणजे घर आणि गाळा मिळून सहा महिन्यांचा खर्च. टर्निंगपोटी बाहेर महिन्याला 5 जातात. लेथ आला की वीज, टूल, तेलपाणी धरून त्यातला 1 खर्च होईल आणि 4 वाचतील.

लेथ 40 टक्के स्वस्त आहे असं तुम्ही लिहिलंय. तो स्वस्त नाही, तो अर्धवट आहे. विकणाऱ्याने विजेच्या सोयीचा खर्च तुमच्यावर सोडलाय आणि तेवढी किंमत उतरवलीय. म्हणून 60 आणि 100 यांची तुलना करूच नका. करायची ती 78, 85 आणि 100 यांची.

ड्राइव्हच्या वाटेने 78 गुंतले आणि महिन्याला 4 वाचले, तर साडेएकोणीस महिन्यांत पैसे फिटतात. सिंगल फेजचा लेथ घेतलात तर 25 महिने. थ्री फेज जोडणीत 85 गुंततात आणि वाढीव स्थिर आकारामुळे बचत 3.2 वर येते, म्हणजे साडेसव्वीस महिने. करार 22 महिन्यांचा आहे. मला यात फारसं डोकं खाजवावं लागलं नाही.

त्यातही फरक आहे. गाळा सोडायची वेळ आली तर लेथ उचलून नेता येतो आणि ड्राइव्ह तर पिशवीत मावतो. जोडणी मात्र मालकाच्या भिंतीवर राहते. ही गोष्ट मी चूक करून शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मीच ठासून सांगितलं होतं की, धंदा करायचा तर थ्री फेज घ्याच. वर्षभरात मालकाने जागा रिकामी करायला सांगितली आणि पुढच्या भाडेकरूला आयती जोडणी मिळाली.

"थ्री फेज घेतलं की बिल कमी येतं" हे तुम्हाला कुणी सांगितलंय ते माहीत नाही, पण ते डोक्यातून काढा. मीटर युनिट मोजतं, फेज मोजत नाही. थ्री फेजमध्ये तोच भार तीन तारांत वाटला जातो, म्हणून एकेका तारेतला करंट कमी दिसतो, एवढंच. ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो, साधारण 3 ते 5 टक्के. एकट्या माणसाच्या दिवसातून दोन-तीन तास चालणाऱ्या लेथला ही रक्कम लक्षातही यायची नाही.

ड्राइव्ह नेमकं काय करतो तेही समजून घ्या, कारण खर्च तिथेच लपलेला असतो. सिंगल फेजवर थ्री फेज मोटर नुसती जोडली तर ती जागेवर गुरगुरते, फिरत नाही. एका फेजचं चुंबकीय क्षेत्र मागेपुढे हेलकावतं, गोल फिरत नाही. ड्राइव्ह आधी येणाऱ्या विजेचं डीसी करतो आणि त्यातून नवे तीन फेज तयार करतो. शिवाय वेग कमीजास्त करता येतो आणि सुरू होताना मोटर झटका घेत नाही. मात्र 230 व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह 230 व्होल्टच देतो, 400 नाही. आणि इथेच तुमच्या हिशोबाला भोक पडू शकतं.

पैसे देण्याआधी म्हणून एक काम करा. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा घेऊन मोटरच्या नेमप्लेटवरचं वंगण पुसा. 230/400 व्होल्ट, डेल्टा/स्टार (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती), आणि त्याखाली 8.3/4.8 अँपिअरच्या आसपासचे आकडे दिसले तर तुमचं नशीब. आता टर्मिनलच्या डबीचं झाकण उघडा. आत सहा खिळे आणि पितळी पट्ट्या असतील. पट्ट्यांनी एका ओळीतले तीन खिळे जोडलेले असले तर स्टार. त्या काढून तीन उभ्या जोड्या केल्या की डेल्टा, आणि डेल्टात ही मोटर 230 वर पूर्ण ताकदीने चालते. स्टारमध्येच ठेवून 230 दिलेत तर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, एक-तृतीयांशावर येईल. जरा जाड कट घेतला की चक (काम धरून फिरवणारा पंजा) थांबेल आणि तुम्ही ड्राइव्हवाल्याला शिव्या घालाल.

डबीत सहाऐवजी तीनच तारा आल्या असतील, किंवा प्लेटवर 400/690 लिहिलेलं असेल, तर प्रकरण वेगळं. पहिल्या प्रकारात वाइंडिंग, म्हणजे त्या गुंडाळ्या, उघडून आतला स्टारचा जोड बाहेर काढावा लागतो. दुसऱ्यात 400 व्होल्ट देणारा महागडा ड्राइव्ह किंवा नवी मोटर. वाइंडिंगवाल्याकडून आधी खर्च विचारा आणि तेवढी रक्कम 60 मधून कमी करून मागा. विकणारा तयार नसेल तर लेथ सोडून द्या, थ्री फेजचे जुने लेथ पुन्हा मिळतात.

वायरिंगच्या 6 मध्ये काय काय धरलंय तेही विचारा. लेथवरचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये तसाच ठेवायचा नसतो. मोटर चालू असताना त्याने वीज तोडली तर ड्राइव्ह जाऊ शकतो. सुरू, बंद, उलट ही बटणं ड्राइव्हच्या कंट्रोलला जोडून घ्यावी लागतात. कूलंटच्या, म्हणजे कापताना गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, पंपालाही वेगळी सोय लागेल. मीटरकडून येणारी वायर स्वतंत्र हवी, कारण हा ड्राइव्ह पूर्ण भारावर 15 ते 20 अँपिअर ओढेल. तुमचा मंजूर भार 3 किलोवॅट आहे. वेल्डिंग आणि लेथ एका वेळी चालवणार नाही असं तुम्ही म्हणता, एकटा माणूस चालवणार तरी कसा, पण भार वाढवून घ्यावा लागतो का ते वीज कंपनीकडे विचारून ठेवा. मीटर व्यवसायाच्या दराचं आहे ना, हेही बघा. या सगळ्यात आणखी 2 गेले तरी 20 महिन्यांत फिटतं, म्हणजे करारात बसतं. त्याहून जास्त लागले तर मला पुन्हा लिहा.

स्टॅटिक कन्व्हर्टर म्हणजे कंडेन्सरचा जो स्वस्त डबा तुम्हाला कुणीतरी सुचवलाय, तो मोटर सुरू करून देतो आणि मग बाजूला होतो. मोटर पुढे सिंगल फेजवरच चालते, साधारण दोन-तृतीयांश ताकदीने, आणि भार दिला की तापते. नको. रोटरी कन्व्हर्टर, म्हणजे एक मोटर फिरती ठेवून थ्री फेज तयार करणारी सोय, चांगली वस्तू आहे, चार-पाच मशीन असतील तर. तुमच्या एका लेथसाठी दिवसभर एक रिकामी मोटर घुमवत ठेवायची गरज नाही.

आता ठेवीबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला खरी काळजी त्याचीच वाटली. 78 काढलेत तर 12 उरतात, म्हणजे महिनाभराचाही खर्च नाही. एकट्याच्या धंद्यात हात दुखावला तरी लेथ आणि वेल्डिंग दोन्ही बंद. ठेवीतले 45, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. उरलेले 45 लेथला लावा. राहिलेल्या 33 साठी 18 महिन्यांचं यंत्रकर्ज घ्या. हप्ता व्याजासह महिन्याला 2 च्या आसपास बसेल आणि तो वाचणाऱ्या 4 मधून जाईल. व्याजामुळे फिटायची तारीख महिनाभर पुढे जाईल. ती किंमत मला मान्य आहे. ठेव पूर्ण मोडून "बिनकर्जाचा लेथ" घेण्यात जे समाधान असतं ते पहिल्या आजारपणात संपतं. आणि बाहेर जाणारे 5 हा आकडा गेल्या वर्षभराच्या पावत्यांतून काढलाय की अंदाजाने? तो 4 निघाला तर बचत 3 होते आणि 26 महिने लागतात. पावत्या जमवा, मग सही करा.

शेवटी तुम्ही सहज विचारलंय की, त्याच माणसाकडे 5 एचपीचा थ्री फेज कॉम्प्रेसरही आहे, तोही घेऊ का. नको. एवढ्या मोटरला सिंगल फेजवर 25-30 अँपिअर लागतील, तो दाबाविरुद्ध सुरू होतो म्हणून ड्राइव्हही मोठा लागेल, आणि तुमचं मीटर ते सोसेल असं वाटत नाही. कॉम्प्रेसरची खरोखर गरज पडेल तेव्हा जोडणीचा विषय पुन्हा काढू, पण त्याआधी मालकाकडून निदान पाच वर्षांचा करार लिहून घेतलेला असू दे.