ओला प्रिंट

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पहाटे रामकुंडावर काढलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो, पण लॅबमधून १२ बाय १८ चा प्रिंट आला की घाटाच्या पायऱ्या काळ्याठिक्कर. डिजिटलवरचा विश्वासच उडाला, आता जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र) घेऊन डार्करूम करू का, असं विचारतेस. जरूर कर, पण या कारणासाठी नको. हीच फसगत माझी डार्करूममध्ये झाली आहे.

पंचवटीतल्या घरी न्हाणीघराला काळे पडदे लावून मी प्रिंट काढायचो. निगेटिव्ह याच घाटाची होती. लाल दिव्यात कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सरकवला की थोड्याच सेकंदांत आधी गडद भाग उमटतात, मग करडे, आणि सगळ्यात शेवटी नदीवरचं धुकं. मग हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, बुडवून पांढरा दिवा लावला, तर काळ्या दगडाची धारन्‌धार दिसत होती. हरखून एन्लार्जरचा उजेड तितकेच सेकंद देत पाकीटभर फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) संपवला. तासभर वाहत्या पाण्यात धुऊन सगळे प्रिंट दोरीवर टाकले. सकाळी बघतो तर पोटात खड्डाच पडला. पायऱ्यांचा नुसता काळा ठोकळा. ओल्या फायबर पेपरला चकाकी असते. तो वाळला की पांढरा मंदावतो, सावल्या मिटतात. तेव्हापासून टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कमीजास्त उजेड देऊन काढलेली चाचणीची पट्टी, पूर्ण वाळल्याशिवाय मी उजेडाची वेळ ठरवली नाही. ओल्यावर २० सेकंद बरोबर वाटले तर १८ द्यायचे, हा अंदाज पुढे हातात बसला.

तुझा मोबाइल म्हणजे तोच ओला प्रिंट. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागदाला खोलीतला उजेड पुरवून घ्यावा लागतो. म्हणून फोटो मोबाइलवर ठरवू नकोस. मॉनिटर कॅलिब्रेट करून घे, म्हणजे त्याचे रंग-उजेड मोजून नीट लावून घे, ब्राइटनेस बराच खाली आण. लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) माग आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणाऱ्या सोयीत, बघ. मग त्या पायऱ्यांचाच वीतभर तुकडा चार वेगवेगळ्या उजळपणांना छापून घे. हीच तुझी टेस्ट स्ट्रिप. लॅबवाला कुरकुर करेल, तरी घेच. मोठा प्रिंट वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एक्स्पोजरचं गणित मात्र दोन्हीकडे उलटं आहे. निगेटिव्हवर सावलीत जे नोंदलंच गेलं नाही, ते कुठलाही डेव्हलपर परत आणत नाही. म्हणून आम्ही उजेड मोजायचा मीटर सावलीवर धरायचो. डिजिटलमध्ये पांढरं फुटलं की संपलं. उन्हातल्या पांढऱ्या धोतराची चुणी गेली तर ती कायमची गेली. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या, म्हणजे उजळ, कडेला आपटू देऊ नकोस. सावल्या नंतर बऱ्याच उचलता येतात.

आता डार्करूमबद्दल. ती हवी असेल तर हातासाठी हवी. एन्लार्जरच्या उजेडात तळहात हलवत पायऱ्यांवरचा प्रकाश अडवायचा, आभाळाला चार सेकंद जास्त द्यायचे. पुढचा प्रिंट हुबेहूब तसा निघत नाही, आणि मला तेच प्रिय आहे. जागेची अडचण सांगू नकोस. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी घरातच फिल्म धुतली होती. पण जानेवारीत सांभाळ. आपल्याकडे त्या दिवसांत नळाचं पाणी इतकं गार असतं की डेव्हलपर सुस्तावतो आणि काळा रंग भरतच नाही. ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेव, २० अंश राख. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो कॅनमध्ये साठव, मोरीत ओतू नकोस. मोरीचं पाणी शेवटी गोदेकडेच जातं.

एन्लार्जरचे पैसे सध्या देऊ नकोस. रविवारी येताना त्या चार पट्ट्या घेऊन ये. सकाळीच ये, ओटीवर उजेड चांगला असतो तेव्हा.