वैमानिक होण्याचा खर्च आणि टेबलावर पडलेली पॉलिसी

खारघरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५२ असून महापे येथील औद्योगिक वसाहतीत ते नोकरी करतात. हातात दरमहा १ लाख १५ हजार रुपये येतात, पत्नी शिक्षिका आहेत, त्यांचे ३८ हजार. घरखर्च ७२ हजार, जुन्या गृहकर्जाचा हप्ता १६ हजार. एकुलती मुलगी १९ वर्षांची, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झालेली, आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. बेलापूरच्या एका संस्थेने ५२ लाखांत आणि १८ महिन्यांत व्यावसायिक परवाना मिळवून देण्याचे कबूल केले आहे, त्यापैकी २ लाख भरूनही झाले आहेत. "विमानतळ आता घराजवळ आहे, सरावाची उड्डाणे इथेच होतील, मुलीला वसतिगृहात ठेवावे लागणार नाही," असे त्यांना तिथे सांगण्यात आले. आता ५० लाखांसाठी राहते घर तारण ठेवावे की शैक्षणिक कर्ज काढावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी सहज म्हणून दोन ओळी जोडल्या आहेत. कर्जाची चौकशी करायला ते बँकेत गेले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना वर्षाला ४ लाख हप्त्याची, १० वर्षे भरण्याची, हमी परताव्याची विमा पॉलिसी दिली. तिच्यामुळे कर्ज लवकर मंजूर होईल आणि तिसऱ्या वर्षापासून पॉलिसीवर कर्ज मिळेल, त्यातून शिक्षणकर्जाचे हप्ते भरता येतील, असे त्यांना सांगण्यात आले. पहिला हप्ता भरला आहे आणि पॉलिसीचे कागद घरी येऊन ११ दिवस झाले आहेत.

साहेब, तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट हे ११ दिवस आहेत. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे. या मुदतीला 'फ्री लूक' म्हणतात. ती संपल्यानंतर हेच ४ लाख सोडवायला गेलात, तर त्यातील फार थोडे हाती येतील. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता त्याचा हा भाग मी तुम्हाला इमेलने कळवला आहे. पॉलिसी परत करत असल्याचे पत्र बँकेतल्या त्या अधिकाऱ्याकडे देऊ नका. ते विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि तेच पत्र कंपनीच्या अधिकृत इमेलवरही पाठवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि जितके दिवस विमा लागू होता तितक्या दिवसांची किरकोळ रक्कम वजा होऊन बाकीचे पैसे परत येतात. त्यानंतर तुम्हाला बँकेतून फोन येईल आणि अतिशय आपुलकीने समजावले जाईल. त्या फोनवर काहीही कबूल करू नका. कर्ज हवे असेल तर विमा घ्यायलाच हवा, अशी अट बँकेला घालता येत नाही.

ही पॉलिसी वाईट का, तेही पाहू. तुम्ही जोडलेल्या तक्त्यानुसार १० वर्षांत ४० लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस ८४ लाख मिळवायचे. "दुप्पट" हा शब्द कानाला गोड लागतो, पण हिशेब केला तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही किंचित खालीच भरतो. एकीकडे १० टक्क्यांनी कर्ज काढायचे आणि दुसरीकडे पाच टक्क्यांनी बचत करायची, याला नियोजन म्हणत नाहीत. त्यातही पॉलिसीवर कर्ज काढून शिक्षणकर्ज फेडायचा सल्ला म्हणजे एका कर्जाचे व्याज दुसऱ्या कर्जाने भरायचा सल्ला आहे. असा सल्ला देणाऱ्या माणसाला तुमचे घर चालते की नाही याच्याशी काही देणेघेणे नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

परंतु माझा खरा आक्षेप परताव्याला नाही, तो वेळेला आहे. हा ४ लाखांचा हप्ता तुमच्या घरातून नेमका त्या वर्षांत बाहेर जाणार आहे, ज्या वर्षांत तुमच्याकडे एक रुपयाही जादा नसेल. ती वर्षे किती असतील हे समजण्यासाठी शिकाऊ विमाने उडतात कुठे आणि कशी, हे पाहावे लागेल, कारण त्या बेलापूरच्या संस्थेने तुम्हाला अर्धवट चित्र दाखवले आहे.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तुम्ही लिहिता की खारघरच्या डोंगरावर घिरट्या घालणारी विमाने दिसतात आणि ती सरावाची असल्याचे तुम्हाला सांगितले गेले. प्रवासी विमानेही उतरण्याची पाळी येईपर्यंत अशाच घिरट्या घालतात. शिकाऊ वैमानिकाचा सराव वेगळा असतो. विमान धावपट्टीवरून उडते, वळते, जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर धावपट्टीला समांतर जाते, पुन्हा दोनदा वळून उतरते, चाके टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडते. याला 'टच अँड गो' म्हणतात आणि अशी एक फेरी सहा-आठ मिनिटांची असते. एका तासात सात-आठ वेळा धावपट्टी अडवणारे हे छोटे विमान उतरताना ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास येते, तर त्याच्या मागचे एअरबस त्याच्या दुप्पट वेगाने येत असते. गर्दीच्या प्रवासी विमानतळावर हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. जुहूच्या ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून जे. आर. डी. टाटा १९२९ साली देशातील पहिला परवाना घेऊन बाहेर पडले, त्या क्लबलाही उड्डाणाचे प्रशिक्षण पुढे धुळ्याला न्यावे लागले. बारामती, गोंदिया, धुळे येथे ही प्रशिक्षणकेंद्रे आहेत, ती याच कारणाने. बेलापूरला फार तर लेखी परीक्षांचे वर्ग होतील. उड्डाणासाठी मुलीला बाहेरगावी राहावेच लागेल आणि तो राहण्याचा खर्च तुमच्या ५२ लाखांत धरलेलाच नाही.

आता अठरा महिन्यांचे पाहू. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे एकटीने सांभाळून. शिवाय ३०० सागरी मैलांचे एक लांब उड्डाण आणि रात्रीची ५ तासांची उड्डाणे. त्याआधी हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि तांत्रिक विषयांच्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा, प्रत्येकीत किमान ७० टक्के. त्यांनाच सहा-आठ महिने जातात.

मी एका अशिलाच्या मुलाची फी थकल्यामुळे जुलैमध्ये अशा एका प्रशिक्षणकेंद्रात गेलो होतो. पत्र्याच्या हँगरबाहेर चार सेसना पंखांना दोर लावून जमिनीला बांधलेल्या होत्या, हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवर लाल कापडी टोपी चढवलेली होती, आणि ढग इतके खाली होते की पलीकडची पाण्याची टाकी अर्धी दिसत होती. सात-आठ मुले चहा घेत बसली होती. त्यातल्या एकाने वही दाखवली. जूनमध्ये त्याचे ३ तास झाले होते, जुलैचा रकाना कोरा होता. त्या कोऱ्या रकान्याच्या महिन्यातही त्याच्या वडिलांच्या कर्जावरचे व्याज चालूच होते.

पावसाळ्याचे चार महिने जवळपास वजा करा. उरलेल्या महिन्यांत विमान, प्रशिक्षक आणि मोकळी धावपट्टी एकाच वेळी मिळाली, तर महिन्याला १५ तास होतात. म्हणजे २०० तासांना तेरा-चौदा चांगले महिने, कॅलेंडरवर दीड वर्षाहून अधिक. परीक्षांचा काळ धरून दोन ते सव्वादोन वर्षे. पुढे एअरबस किंवा बोइंगसारख्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची वेगळी मान्यता, त्याला १८-२० लाख वेगळे. सिम्युलेटरवरचा, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधला सराव झाल्यावर प्रवासी नसलेल्या खऱ्या विमानातून साधारण सहा वेळा उडून उतरण्याचा सराव करावा लागतो, त्याचा खर्च कोण करणार हेही तुमच्या करारात लिहिलेले नाही. आणि मग नोकरीची वाट. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक कमी पडून उड्डाणे रद्द झाली, म्हणून मुलीला लगेच नोकरी लागेल, असे तुम्ही लिहिले आहे. ती टंचाई कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाल्यावर तयार वैमानिक अपुरे पडल्याची होती. २०० तासांच्या नव्या परवानाधारकासाठी त्यामुळे दार उघडतेच असे नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज आणि २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही नव्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले होते. मी पहिला पगार आजपासून साडेतीन वर्षांनी धरतो. लवकर आला तर आनंदच आहे.

या साडेतीन वर्षांत पॉलिसीचे चार हप्ते, म्हणजे १६ लाख जातील. टाइप रेटिंगला लागणारी रक्कम जवळजवळ तेवढीच आहे. परवाना हातात असताना मुलीला पुढच्या पायरीसाठी पैसे नसतील, आणि तुमचे १६ लाख अशा पॉलिसीत अडकलेले असतील जी तेव्हा मोडली तर भरलेलेही पूर्ण मिळणार नाहीत. आज तुमच्याकडे दरमहा ६५ हजार उरतात. पॉलिसीने त्यातले ३३ हजार घेतले, तर राहिले ३२ हजार. ५२ लाखांवरचे नुसते व्याजच महिन्याला ४३ हजार होते. संस्थेने सांगितलेले अठरा महिने आणखी दीड वर्षाने लांबले, तर पावणेआठ लाखांचे जादा व्याज चढते.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. घर तारण ठेवून साधे कर्ज घेतलेत, तर हप्ता लगेच सुरू होतो. शैक्षणिक कर्जात सहसा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरापर्यंत हप्ता थांबतो, पैसे टप्प्याटप्प्याने उचलता येतात, आणि जुन्या कर प्रणालीत असाल तर व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते. एवढ्या रकमेसाठी बँक तारण मागेलच, तरीही शैक्षणिक कर्जच घ्यावे. पण टाइप रेटिंग धरून ७५ लाखांवर १२ वर्षांसाठी हप्ता ९० हजारांच्या घरात जातो आणि तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार आहात, हे मुलीलाही आकड्यांत दाखवा. ती १९ वर्षांची आहे, तिला हा हिशेब कळेल. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका.

कर्जाच्या आधी काही कामे आहेत, आणि त्यांना फारसे पैसे लागत नाहीत. डीजीसीएची वर्ग २ आणि त्यानंतर वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी प्रथम होऊ द्या. वर्ग १ चा निकाल हातात येईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नये, कारण डोळ्यांतला किंवा कानातला एखादा दोष २ लाख भरल्यावर कळण्याऐवजी आधी कळलेला बरा. संस्थेकडे भरलेले २ लाख परत मागणारे पत्र आजच द्या. तिचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे का ते पाहा. डीजीसीए आता या संस्थांची श्रेणीही जाहीर करते. पुढे जी संस्था निवडाल, तिच्याशी करार करताना फी उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्यांत घ्यावी आणि न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत करावेत, हे लेखी घ्या. एकरकमी फीवर दिलेली सवलत मला कधीही पुरेशी वाटलेली नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. आज तुम्हाला काही झाले, तर घरावर जुने कर्ज, नवे कर्ज आणि एकट्या पत्नीचा ३८ हजार पगार उरतो. ६५ व्या वर्षापर्यंतचा १ कोटीचा शुद्ध मुदत विमा तुमच्या वयाला वर्षाला साधारण ४० हजारांत, प्रकृतीप्रमाणे थोडा कमीजास्त, मिळावा. परत आलेल्या ४ लाखांतून त्याचा पहिला हप्ता भरा आणि उरलेले बँकेत मुदतठेवीत ठेवा.

पॉलिसी परत केल्याची पोच मिळाली की तिची प्रत मला पाठवा. मुलीच्या वर्ग १ तपासणीचा निकाल आल्यावर संस्थेचा कराराचा मसुदा आणि बँकेचे कर्जाचे पत्र सोबत जोडून पुन्हा लिहा. तेव्हा रक्कम ठरवू.