‘इतकेही ठाऊक नाही का?’

प्रश्न : मी ४१ वर्षांची गृहिणी असून वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. गेल्या वर्षापासून गावातील आकाशनिरीक्षण मंडळात जाऊ लागले. मागच्या महिन्यात एकदा सकाळी साडेआठला स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडील खिडकीतून चंद्र स्वच्छ दिसला, म्हणून पुढच्या बैठकीत मी ‘चंद्र दिवसा कसा दिसतो?’ असे विचारले. दोघे-तिघे हसले आणि एका जुन्या सभासदांनी ‘हे तर शाळेत शिकवतात’ म्हणून विषय संपवला. तेव्हापासून तोंड उघडायचा धीर होत नाही. नवख्या माणसाने आधी वाचून घ्यावे आणि मगच विचारावे, हे बरोबर आहे का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : शाळेत शिकवतात हे खरे आहे, पण शाळेत शिकवलेले सगळे सगळ्यांच्या लक्षात राहत असते, तर या सदराला वाचकच उरले नसते. आधी चंद्राचे पाहू, कारण तुमचा प्रश्न अजून अनुत्तरितच आहे.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीचा उपवास करणाऱ्या घरात हे वेगळे सांगावे लागत नाही : पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चतुर्थीला रात्री नऊच्या आसपास दर्शन देतो आणि तोवर ताटे वाढून वाट पाहावी लागते. हाच हिशेब पुढे नेला, तर वद्य अष्टमीला चंद्रोदय मध्यरात्रीच्या सुमारास होतो. मध्यरात्री उगवलेला चंद्र पहाटे डोक्यावर येतो आणि मावळायला दुपार होते. म्हणजे सकाळी साडेआठला तो पश्चिमेकडे कललेला असणारच. निळ्या आकाशातही उठून दिसण्याइतका तो तेजस्वी असतो. अमावास्येच्या आसपास मात्र तो सूर्याच्या फार जवळ आणि अगदी बारीक कोरीचा असल्यामुळे दिवसा सापडत नाही. तुम्ही पाहिले ते बहुधा अष्टमीच्या मागचे-पुढचे चंद्रबिंब असावे. हसणाऱ्यांपैकी किती जणांना एवढे सांगता आले असते, याची मला शंका आहे.

आता हसण्याविषयी. १९६३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, एरास्टो म्पेम्बा नावाचा शाळकरी मुलगा सोबत्यांबरोबर आइस्क्रीम बनवत होता. दूध उकळून, साखर घालून, निवल्यावर ते फ्रीजरमध्ये ठेवायचे अशी रीत होती. पण फ्रीजरमधली जागा संपत आल्यामुळे त्याने आपले मिश्रण गरम असतानाच आत सरकवले आणि तेच आधी गोठले. शिक्षकांना विचारले, तर तुझाच काहीतरी घोटाळा झाला असेल, असे उत्तर मिळाले. पुढच्या शाळेतही त्याची थट्टाच झाली. तिथे डेनिस ऑस्बोर्न हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व्याख्यानाला आले असता त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि वर्गमित्र पुन्हा हसले. ऑस्बोर्न यांनी मात्र परत गेल्यावर प्रयोगशाळेत तो प्रयोग करून पाहण्यास सांगितले आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते का, यावर शास्त्रज्ञांचे अजूनही एकमत नाही. काही प्रयोगांत परिणाम दिसतो, तर काहींत दिसत नाही. उद्या म्पेम्बाचे निरीक्षण चुकीचे ठरले, तरी त्याने विचारले ते योग्यच होते, असे मी म्हणेन.

ऑस्बोर्न यांना त्याने प्रश्न कसा विचारला, हेही पाहण्यासारखे आहे. दोन सारखी भांडी, दोन्हींत सारखेच पाणी, एक ३५ अंश सेल्सिअसला तर दुसरे १०० अंशांना, दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवली तर १०० अंशांचे आधी गोठते, असे का? यात काय केले आणि काय दिसले हे सारे आले, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता आले. तुमचे ‘चंद्र दिवसा कसा दिसतो?’ हे त्या मानाने मोघम होते. खरे तर वेळ आणि दिशा तुमच्याजवळ होतीच, आम्हाला लिहिलेल्या पत्रात ती आलीही आहे. बैठकीत तेवढी सांगितली असती, आणि दिनदर्शिकेत पाहून तिथीही जोडली असती, तर निम्मे उत्तर तुमच्याच हाती आले असते.

आधी वाचून मग विचारावे, हा सल्ला मला अर्धाच पटतो. काय वाचायचे हे कळण्यासाठीच पुष्कळदा विचारावे लागते. डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागायला आली, की ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा म्हणत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून पाठवत. एवढ्या व्यापात असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला त्यासाठी वेळ काढता येत होता. तुमच्या मंडळातील जुन्या सभासदांना तो नसावा, हे अवघड वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका. बैठकीच्या आरंभी १० मिनिटे नव्या सभासदांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत, असे मात्र अवश्य सुचवा.

पुढच्या संकष्टीनंतर चौथ्या दिवशी, आकाश निरभ्र असल्यास, सकाळी साडेआठला त्याच खिडकीत उभ्या राहा. चंद्राच्या कोणत्या बाजूला उजेड आहे आणि सूर्य कोणत्या बाजूला आहे, हे वहीत टिपून ठेवा, आणि त्यावरून सुचेल तो प्रश्न घेऊन बैठकीला जा.