‘अनात्म’ म्हणजे ‘निःस्वार्थ’ का?

निपाणीच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय : ध्यानवर्गाच्या पत्रकात ‘बुद्धांचा अनात्मवाद म्हणजेच निःस्वार्थता’ असं छापलंय, ते बरोबर आहे का? आणि आत्माच नाही, तर आपण ‘अत्त दीप भव’ कसं म्हणतो?

पत्रकातलं समीकरण चुकलंय, आणि माझ्या मते ही चूक इंग्रजीतून आली आहे. तिथे ‘सेल्फलेस’ म्हणजे परोपकारी. आणि अलीकडचे बौद्ध लेखक ‘सेल्फलेसनेस’ हाच शब्द ‘अनत्ता’साठीही, म्हणजे पालीतल्या ‘अनात्म’साठीही, वापरतात. मराठीत आणताना पहिलाच अर्थ उचलला जातो. वेदगंगेच्या पुरात शेजाऱ्यांना घरात घेणारी बाई निःस्वार्थच, मग तिची आत्म्यावर कितीही श्रद्धा असो. अनत्ता हा स्वभावाचा गुण नव्हेच. सारनाथला पाच भिक्खूंना बुद्धांनी सांगितलं की रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (जाणीव) यांतलं काहीच ‘मी’ नाही. शरीर हाच आत्मा असता, तर ‘ते असं असो, असं नसो’ असा हुकूम त्याच्यावर चालला असता. तो चालत नाही.

‘निरहंकार’ही वेगळा. आपल्याकडे कन्नड शाळेत शिकलेल्यांना कन्नड संतकवी कनकदासांची गोष्ट माहीत असते. मोक्षाला कोण जाईल, असं गुरूंनी विचारल्यावर ते म्हणाले, ‘नानु होदरे होदेनु’. ‘मी’ गेला तर जाईन. फार सुंदर उत्तर! पण त्यात अहंकार गेला तरी जाणारा उरतोच. बुद्ध त्या जाणाऱ्यालाच शोधायला सांगतात.

आता ‘अत्त दीप भव’. आत्मचरित्र हे काही आत्म्याचं चरित्र नसतं. आत्मसन्मान, आत्मनिर्भर यांतही ‘आत्म’ म्हणजे ‘स्वतः’. पालीतला ‘अत्त’ही तसाच वापरला जातो; ‘अत्त दीप भव’ म्हणजे ‘स्वतःच स्वतःचा दिवा हो’. म्हणून धम्मपदात ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ (आपणच आपला आधार) आणि ‘सब्बे धम्मा अनत्ता’ (सगळ्याच गोष्टी अनात्म) ही दोन्ही वचनं बिनविरोध नांदतात.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पिंड घ्यायला आत्माच नाही, तर तो घालायचा कुणाला? अनात्मवाद घरात असा उतरतो, असं मला वाटतं. माणसाचं माणसाशी नातं हाच बाबासाहेबांच्या दृष्टीने धम्माचा गाभा. पत्रककर्त्यांना तेच सांगायचं असेल, तर त्यासाठी मैत्री आणि करुणा हे बुद्धांचेच शब्द आहेत. पुढच्या छपाईत तेच घालायला सांगा.